वाचकांचे प्रश्न : उंदरांनी कुरतडलेली वायरिंग आणि दुरुस्तीचा खर्च

गाडीची वायरिंग उंदरांनी कुरतडल्याची पत्रे या सदराकडे अधूनमधून येतच असतात. या वेळी ती एवढी साचली, की संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : गाडी नऊ दिवस जागेवर उभी होती. परत आल्यावर चालू केली, तर इंजिन थरथरू लागले आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत राहिला. तशीच चालवत सर्व्हिस सेंटरला नेली. बॉनेट उघडल्यावर तीन ठिकाणी तारा कुरतडलेल्या दिसल्या. तेथील सल्लागार इंजिनाचे पूर्ण हार्नेस बदलायला सांगतात, आणि तो खर्च ऐकून आम्ही हबकलो आहोत. ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतो, तारा जोडून देतो, एका दिवसाचे काम आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असू शकते, म्हणूनच कोणाचे ऐकायचे हे ठरवण्याआधी नेमके काय तुटले आहे ते आपण स्वतः पाहून घ्या. हार्नेस म्हणजे तारांची एक जुडी. तिच्यातल्या तीनच तारा तुटल्या असतील, तर उरलेल्या धडधाकट तारांचे पैसे आपण का भरावेत, ही आपली शंका रास्त आहे. पण सर्व्हिस सेंटरचीही एक अडचण असते. बाहेरून तीन जखमा दिसल्या तरी टेपच्या आत चौथी नाही, हे छातीठोकपणे सांगायचे तर जुडी उकलावी लागते, एकेक तार तपासावी लागते, त्यात कारागिराचे तास मोडतात आणि शेवटी जोडलेल्या तारेची हमीही द्यावी लागते. नवे हार्नेस बसवले की त्यांच्या मागची ही कटकट संपते. ती संपवण्याची किंमत मात्र गाडीचा मालक मोजतो.

त्यामुळे अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी स्कॅनरवर आलेल्या त्रुटींच्या कोडची यादी छापून मागा आणि प्रत्येक कोड कोणत्या तारेशी जोडलेला आहे, हे सल्लागाराला समोर दाखवायला सांगा. यादीत पाच कोड असतील आणि तुटलेल्या तीन तारांनी पाचही कोडांचा उलगडा होत असेल, तर आत आणखी काही लपलेले असण्याचा संभव बराच कमी होतो. उलगडा होत नसेल, तर जुडी उकलावीच लागेल, मग ती कोणीही उकलो. दुसरे असे, की बऱ्याच गाड्यांत इंजिनाचे हार्नेस म्हणजे एकच अखंड जुडी नसते. इंजेक्टरची किंवा एखाद्या सेन्सरची उपजुडी वेगळी मिळते, कधी कपलरसकट, म्हणजे तारा जिथे खोचतात त्या प्लास्टिकच्या जोडणीसकट, छोटा तुकडाही मिळतो. तो मिळत असेल तर पूर्ण हार्नेसचा प्रश्नच उरत नाही. सुट्या भागांची किंमत आणि मजुरीचे तास वेगवेगळे लिहून मागायलाही संकोच करू नका.

आता जोडकामाविषयी. दिवे, हॉर्न, वॉशरची मोटर, इंजेक्टर आणि बहुतेक साध्या सेन्सरांच्या तारा व्यवस्थित जोडल्या तर वर्षानुवर्षे टिकतात, असा माझा अनुभव आहे. सगळी भिस्त ‘व्यवस्थित’ या शब्दावर आहे. तारेला तार पिळून वरून काळी टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. इंजिनाच्या उष्णतेने त्या टेपचा चिकटा सुटतो, आत ओल शिरते आणि तांब्याला हिरवट गंज धरतो. हा गंज वेष्टणाच्या आतून पुढे सरकत जातो, म्हणून कारागिराने तार सोलून तांबे लख्ख दिसेपर्यंत मागे कापत जायला हवे. जोडायची तार मूळ तारेच्याच जाडीची असावी. जोड क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत तारा घालून ती पकडीने घट्ट दाबून, त्यावर आतून चिकटा असलेली, तापवल्यावर आवळणारी नळी चढवावी. इंजिनाच्या थरथरीत नुसत्या सोल्डरचा जोड, जिथे सोल्डर संपतो नेमका तिथे, कालांतराने मोडू शकतो. शेजारच्या अनेक तारा जोडायच्या असतील तर सगळे जोड एका रेषेत न आणता पुढेमागे ठेवावेत, नाहीतर जुडीला तिथे गाठ येते आणि ती मूळ मार्गात बसत नाही.

काही तारांना मात्र साध्या जोडकामाचा नियम लागू नाही. गाडीतले निरनिराळे कंट्रोलर, म्हणजे एकेक काम सांभाळणारे छोटे संगणक, एकमेकांशी ज्या दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात, त्या व्यवस्थेला कॅन म्हणतात. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जगापुढे आणली आणि आज ती बहुतेक प्रत्येक गाडीत आहे. या जोडीतली एक तार तुटली तरी डॅशबोर्डवर एकमेकांशी संबंध नसलेले दिवे एकदम पेटू शकतात आणि बिघाड आहे त्यापेक्षा दसपट मोठा भासतो. जोडताना तारांचा पीळ कायम ठेवावा लागतो. नंतर बॅटरी सोडवून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये मल्टिमीटर लावला, तर साधारणपणे ६० ओहम दिसायला हवेत, कारण वाटेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे एकेक रेझिस्टर असते. १२० दिसले तर वाट अजून कुठेतरी तुटलेली आहे, आणि शून्याजवळ दिसले तर दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या आहेत. ही तपासणी काही मिनिटांची आहे. आपल्यासमोर करून दाखवायला सांगा.

एक्झॉस्टवरच्या ऑक्सिजन सेन्सरची तारही वेगळी आहे. यांतले अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारेच्या आतल्या सूक्ष्म पोकळीतूनच घेतात, त्यामुळे ती सोल्डर केली किंवा तिच्यावर क्लीनर फवारला तर तार जुळते पण सेन्सर बिघडतो. पिवळ्या वेष्टणातली किंवा पिवळ्या कपलरची एअरबॅगची तार तर घरच्या मल्टिमीटरने तपासूदेखील नका. तेथे निर्मात्याच्या पद्धतीबाहेर कोणी जोड देऊ करत असेल तर सरळ नकार द्या. इंधनाच्या नळीवर दातांच्या खुणा असतील किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी सुरू न करता उचलून न्यावी.

एक गोष्ट आपल्याला बोचेल, तरी लिहिणे भाग आहे. इंजिनाचा दिवा नुसता लागणे आणि लुकलुकणे यांत मोठा फरक आहे. लुकलुकणारा दिवा सांगतो की एखाद्या सिलिंडरमधले इंधन न जळता बाहेर जात आहे. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या भागात, जाऊन जळते आणि तो भाग अतिशय तापून निकामी होऊ शकतो. गाडी त्या अवस्थेत जितकी अधिक चालली, तितका धोका अधिक. तेव्हा वायरिंग दुरुस्त झाल्यावर कन्व्हर्टरची तपासणी आवर्जून करून घ्या.

प्रश्न : उंदरांना गाडीच्या तारांचीच एवढी ओढ का? तारांच्या वेष्टणात हल्ली सोयाबीन वापरतात, म्हणून उंदीर ती खातात, असे ऐकले. खरे आहे का?

उत्तर : ही समजूत अनेक देशांत पसरलेली आहे आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात टोयोटाविरुद्ध या मुद्द्यावर सामूहिक दावाही दाखल झाला होता. वनस्पतिजन्य घटक असलेली वेष्टणे वापरात आहेत, यात शंका नाही. पण केबल कुरतडल्याची तक्रार अशा वेष्टणांपेक्षा फार जुनी आहे. खारींनी शिशाचे कवच असलेल्या टेलिफोनच्या केबलीही कुरतडल्या आहेत, आणि शिशात खाण्याजोगे काहीच नसते.

उंदराच्या तोंडाची रचना पाहिली की गोष्ट अधिक स्पष्ट होते. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, वर्षाला १० सेंटिमीटरहून अधिक. या दातांना कठीण एनॅमल फक्त पुढच्या बाजूला असते आणि मागची बाजू मऊ असते. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर घासले की मागची बाजू आधी झिजते आणि पुढे छिन्नीसारखी धार उरते. म्हणजे दात झिजवण्यासाठी त्याला आपली तारच हवी असते असेही नाही, ते काम दातांवर दात घासूनही होते. या दातांच्या मागे मोकळी जागा असते आणि तेथे तो ओठ आत ओढून तोंड बंद करू शकतो, त्यामुळे कुरतडलेला चुरा तोंडात न जाता बाहेर पडतो. बॅटरीच्या ट्रेवर किंवा इंजिनाखालच्या पत्र्यावर रंगीत प्लास्टिकचे बारीक तुकडे पडलेले आपण पाहिले असतील, ते हेच. खाण्यासाठी तोडले असते, तर तुकडे एवढे मागे राहिले नसते.

त्याला हवी असते ती जागा. नुकते बंद केलेले इंजिन काही तास ऊब देते, वरून छप्पर असते, मांजर किंवा घुबड तिथे पोहोचत नाही, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला लावलेले आवाजरोधक अस्तर घरट्यासाठी तयारच असते. तार वाटेत येते, म्हणून तुटते. वाट करणे, चाचपून पाहणे, घरट्यासाठी सामान जमवणे, या सगळ्यांत त्याचा मुख्य अवयव दात हाच आहे.

हे केवळ उंदरांचेच नाही. कॅलिफोर्नियातल्या सेक्वोया राष्ट्रीय उद्यानात मिनरल किंग नावाचे खोरे आहे. तेथे मार्मोट नावाचे खारीच्या कुळातले धष्टपुष्ट प्राणी उभ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या नळ्या आणि तारा तोडतात, म्हणून गिर्यारोहक गाडी खालून ताडपत्रीत गुंडाळून मगच डोंगरात जातात. जर्मनीत हा उद्योग मार्टेन हा मुंगसासारखा लांबट शिकारी प्राणी करतो. तो उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांतला नाहीच. एका नराचा वास लागलेली गाडी दुसऱ्या नराच्या हद्दीत उभी राहिली, की तो चवताळून नळ्या आणि तारांवर दात काढतो. तेथे हा त्रास इतका रोजचा आहे, की मोटारविम्यात त्याचा स्वतंत्र उल्लेख असतो. वासाचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढच्या एका पत्राचे उत्तर त्यावरच उभे आहे.

प्रश्न : हे नुकसान विम्यातून भरून मिळते का? निर्मात्याच्या वॉरंटीतून तर नकारच आला.

उत्तर : वॉरंटी ही सामग्रीतल्या किंवा बांधणीतल्या दोषाची असते आणि उंदीर हे बाहेरचे कारण धरले जाते, त्यामुळे तो नकार अनपेक्षित नाही. विम्याचे उत्तर पॉलिसीच्या प्रकारावर अवलंबून असते. केवळ तृतीय पक्षाची पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी त्यातून काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत प्राण्यांमुळे झालेले नुकसान पुष्कळदा धरलेले असते, पण काही पॉलिसी उंदीर-घुशी, कीड यांनी केलेले नुकसान किंवा विद्युत बिघाड नावानिशी वगळतात, काहींत त्यासाठी वेगळे जादा संरक्षण घ्यावे लागते. म्हणून पहिले पान वाचून थांबू नका. वगळलेल्या बाबींचे पान उघडा आणि त्यात हे शब्द शोधा.

दावा मंजूर होण्याजोगा असला, तरी तो करावाच असे नाही. प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम आपल्याला स्वतः भरावी लागते आणि दावा केल्यास पुढच्या हप्त्यातली सवलतही जाऊ शकते. दुरुस्ती दोन-तीन तारांची असेल तर हा हिशेब बहुधा स्वतःच्या खिशातून खर्च करण्याच्या बाजूने झुकतो. पूर्ण हार्नेस बदलायचे असेल तर तो उलटा होतो.

दावा करायचा असेल, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत काहीही साफ करू नका, काहीही जोडू नका. नुकसान उंदराचेच आहे हे दाखवण्याची जबाबदारी व्यवहारात आपल्यावरच येते. तुटलेली तार उजेडात धरून जवळून पाहा. उंदराने कुरतडलेल्या तारेच्या कडेला दोन-दोनच्या जोडीने उथळ खाचा दिसतात, बारीक छिन्नी चालवल्यासारख्या, आणि तांब्याच्या तंतूंची टोके आखूड-लांब तुटलेली असतात. पत्र्याला घासून गेलेली तार एका बाजूने चपटी आणि गुळगुळीत होते, उष्णतेने गेलेली तार कडक होऊन तडकते. या खाचांचा अगदी जवळून एक फोटो, त्या तारेची इंजिनातली जागा कळेल असा थोडा लांबून दुसरा, आणि लेंड्या, घरटे, प्लास्टिकचा चुरा यांचा तिसरा, असे फोटो काढून ठेवा. बदललेले जुने भाग दावा निकाली निघेपर्यंत टाकू नका. दिवा लुकलुकत असताना गाडी चालवल्यामुळे कन्व्हर्टर गेला, तर तो खर्च ‘नंतर झालेले नुकसान’ म्हणून नाकारला जाऊ शकतो. दिवा लुकलुकत असेल तर गाडी टो करूनच न्यावी, असे मी म्हणतो ते त्यासाठीही.

प्रश्न : एकाच वर्षात तिसऱ्यांदा तारा तोडल्या. डांबराच्या गोळ्या, पुदिन्याच्या तेलाचा फवारा, आवाज करणारे यंत्र, सगळे करून झाले. दर वेळी दुरुस्ती चोख होते, तरी त्याच जागी पुन्हा तेच. आता गाडी विकावी असे वाटू लागले आहे.

उत्तर : आपला वैताग समजू शकतो, पण गाडी विकण्याआधी तीन वेळा काय करायचे राहून गेले ते पाहू. आपण तिन्ही वेळा तार दुरुस्त केली, मात्र तारेपाशी येण्याची वाट तशीच राहिली. उंदीर मूत्राने आणि अंगाच्या तेलकट स्रावाने आपली वाट खुणावत जातो, आणि ती खूण दुसऱ्या उंदरालाही वाचता येते. पहिला उंदीर गेला तरी त्याचा वास इंजिनात राहतो, आणि नवा उंदीर त्याच वाटेने चढून त्याच तारेशी येऊन थांबतो. त्याच जागी पुन्हा तेच, या आपल्या वाक्याचे कारण हे आहे.

म्हणून दुरुस्तीनंतर लगेच इंजिनाचा भाग नीट साफ करून घ्या. घरटे, लेंड्या, कुरतडलेले अस्तर काढून टाका आणि एन्झाइम असलेल्या, प्राण्यांच्या मूत्राचा वास घालवणाऱ्या क्लीनरने पत्रे, नळ्या, बॅटरीखालचा ट्रे पुसून काढा. जोरदार पाण्याचा झोत मात्र मारू नका, कपलरमध्ये पाणी शिरून नवेच दुखणे उभे राहते. गाडी उभी राहते ती जमीनही धुवा, कारण वाट तिथूनच सुरू होते.

मग वाट शोधा. संध्याकाळी टायरांच्या भोवती टाल्कम पावडरचा पातळ थर पसरा आणि सकाळी पाहा. पावलांच्या खुणा कोणत्या बाजूने येतात आणि कोणत्या चाकाशी संपतात, हे इतके स्वच्छ दिसते की अंदाज करायची गरज उरत नाही. खुणा बहुधा भिंतीच्या कडेने आलेल्या असतात, कारण उंदीर उघड्यावरून जाण्यापेक्षा भिंतीला अंग घासत जाणे पसंत करतो. लेंड्याही पाहा. ३ ते ६ मिलिमीटरच्या असतील तर घरातला लहान उंदीर आहे, १२ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या असतील तर मोठा. हा फरक महत्त्वाचा आहे. लहान उंदीर आपल्या घरट्यापासून सहसा ३ ते ९ मीटरपेक्षा लांब जात नाही, तेव्हा तो गाडीच्या अगदी जवळपास किंवा गाडीतच राहत असणार. मोठा उंदीर ३०-४० मीटरवरूनही येतो, आणि त्याचे मूळ कचऱ्याच्या ढिगात, पाळीव प्राण्यांच्या उघड्या खाण्यात, पक्ष्यांना टाकलेल्या दाण्यांत किंवा लाकूडसामानाच्या राशीत सापडते. ते मूळ हलवल्याशिवाय गाडीवर केलेला कोणताही उपाय तात्पुरताच ठरेल.

पिंजरा किंवा चाप भिंतीलगत ठेवा, चापाची आमिषाची बाजू भिंतीकडे असू द्या. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो आणि काही दिवस तिला वळसा घालून जातो. तेव्हा चाप पहिले तीन-चार दिवस आमिष लावून पण न ताणता ठेवा, आमिष नाहीसे होऊ लागले की ताणा. पहिल्याच रात्री ताणलेला चाप रिकामा राहतो आणि लोक तो निरुपयोगी समजून उचलून ठेवतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. विषाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. रक्त गोठू न देणाऱ्या विषाने उंदीर मरायला काही दिवस लागतात, तो कुठे मरेल हे आपल्या हाती नसते, बऱ्याचदा तो ब्लोअरच्या डब्यात किंवा भिंतीत मरतो, आणि तसा उंदीर खाल्लेले मांजर किंवा घुबडही मरू शकते. उंदरांना धाकात ठेवणारा प्राणीच आपण मारून बसतो.

आता आपण केलेल्या उपायांविषयी. पुदिन्याच्या तेलाचा वास तापलेल्या इंजिनात फार टिकत नाही, आणि टिकतो तोवरही घरटे असलेला उंदीर त्याला सरावतो. मानवी कानांना ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या यंत्रांचेही तसेच आहे. शिवाय तो आवाज एखाद्या वस्तूपलीकडे पोहोचत नाही, आणि इंजिनाच्या भागात आडोशांना तोटा नाही. २००१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा यंत्रांच्या ६०हून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना आपल्या दाव्यांना शास्त्रीय आधार असायला हवा, अशी ताकीद दिली होती. डांबराच्या गोळ्या गाडीत ठेवणे तर मला सरळ धोक्याचे वाटते. इंजिनाच्या भागातली हवा केबिनमध्ये ओढली जाते, आणि नॅप्थॅलिनच्या वाफेने काही व्यक्तींच्या, विशेषतः जी-६-पी-डी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बालकांच्या, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. आपल्या गाडीत लहान मूल बसत असेल तर या गोळ्या आजच काढून टाका.

त्यामानाने अडथळा उभा करणारे उपाय भरवशाचे. दुरुस्त केलेल्या जुडीवर कॅप्सायसिन, म्हणजे मिरचीतला तिखट घटक, असलेली टेप गुंडाळता येते. होंडाने अशी टेप आपल्या सुट्या भागांत ठेवली आहे आणि ती कोणत्याही गाडीला चालते. पुन्हा पुन्हा तुटणाऱ्या जागी स्टेनलेस स्टीलच्या विणलेल्या जाळीची स्लीव्ह चढवता येते. फक्त तिची कड तारेला घासणार नाही, याची काळजी कारागिराने घ्यावी. केबिनच्या हवेच्या तोंडावर ६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक भोकांची गॅल्व्हनाइज्ड जाळी लावा, कारण तेवढ्या फटीतून लहान उंदीर शिरतो. पाणी निथळण्याची भोके बुजवू नका, आणि बेल्ट व एक्झॉस्टपासून जाळी दूर ठेवा.

शेवटी, गाडी फिरती ठेवा. एक-दोन दिवसांआड गाडी हलली, की घरटे बांधण्याइतकी निवांत जागा उंदराला मिळत नाही. दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर शेजाऱ्यांना किल्ली देऊन अधूनमधून बॉनेट उघडून बघायला सांगा. कुरतडीची सुरुवात अस्तराच्या कापसापासून होते, त्या टप्प्यावर लक्षात आले तर तारा वाचतात.

प्रश्न : एसी लावला की कुबट वास येतो. केबिन फिल्टर काढला तर त्यावर चिंध्या, कागदाचे कपटे आणि लेंड्या निघाल्या. मी कॉम्प्रेसरच्या हवेने झटकून फिल्टर परत बसवला. हे चालेल ना?

उत्तर : नाही. तो फिल्टर टाकून द्या, आणि पुढच्या वेळी अशी घाण कधीही हवेने उडवू नका, कोरडी झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. उंदरांच्या लेंड्या आणि मूत्रातून हंटाविषाणू पसरू शकतो आणि तो मुख्यतः वाळलेल्या घाणीची धूळ श्वासात गेल्याने लागतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही उंदराच्या मूत्रातून येतात. दारे उघडी टाकून गाडी अर्धा तास मोकळ्या हवेत ठेवा, रबरी हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण घाणीवर ओतून ती चिंब भिजवा, पाच मिनिटे थांबा, मग कागदाने उचलून पिशवीत बंद करा. हे ब्लीच तारा, कपलर आणि उघड्या धातूवर सांडू देऊ नका. वास तरीही राहिला तर घरटे ब्लोअरच्या पंख्यापर्यंत गेलेले आहे. तो पंखा उतरवून साफ करून घ्यावा लागेल. पुढच्या काही आठवड्यांत ताप, अंगदुखी किंवा धाप लागणे असे काही जाणवले, तर डॉक्टरांना या प्रसंगाबद्दल आवर्जून सांगा.

प्रश्न : आमची गाडी विजेवर चालणारी आहे. तिला इंजिनाची ऊब नाही, मग आम्ही निर्धास्त राहावे का?

उत्तर : नाही. ऊब हे अनेक कारणांपैकी एक आहे, आडोसा तर आपल्या गाडीतही तेवढाच आहे. चार्जिंगच्या वेळी तेथेही काही भाग कोमट होतात. दिवे, कंट्रोलर, सेन्सर यांच्यासाठी १२ व्होल्टचे जाळे आपल्या गाडीतही आहे आणि त्याच्या तारा इतर गाड्यांइतक्याच नाजूक असतात. त्यांची दुरुस्ती वर लिहिल्याप्रमाणेच. मात्र नारिंगी वेष्टणाच्या जाड केबलला, तिच्यावर एक ओरखडा दिसला तरी, हात लावू नका आणि साध्या इलेक्ट्रिशियनलाही लावू देऊ नका. त्यातून शेकडो व्होल्टचा प्रवाह जातो. या केबलचे वेष्टण कमकुवत झाल्याचे गाडी स्वतः ओळखते आणि सुरू होण्यास नकार देऊ शकते. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रयत्न न करता चार्जर काढून ठेवा आणि उच्च दाबाच्या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाला बोलवा. अशा केबलला जोड देत नाहीत, ती पूर्णच बदलतात, आणि येथे खर्चाबद्दल घासाघीस करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.